ठरलेली सोंगे : तमाशापटांचा काळ आणि तीन नट

तमाशाच्या फडात पात्र नटापेक्षा जुने असते. गण संपून गौळण लागली की पेंद्या येणार, मावशी येणार आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवली जाणार, हे समोर बसलेल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते. वगात राजा, प्रधान, कोतवाल आणि शिपाई असतात. त्यांच्यात सोंगाड्या शिरतो आणि राजाच्या भारदस्त बोलण्याला वाकड्यात नेतो. आज एक गडी राजा होतो, उद्या दुसरा. राजाचे सोंग मात्र तेच राहते. नटाने नवे काय केले हे तिथे कुणी विचारत नाही. ठरलेल्या सोंगात आज काय रंग भरला, कालच्या गावातली कोणती भानगड आजच्या बतावणीत आणली, यावर त्याची किंमत ठरते. मराठी चित्रपटाने हे सगळे बिऱ्हाड तमाशाकडून जसेच्या तसे उचलले. एकच सोंग जन्मभर वठवणारे नट मराठी पडद्यावर एवढ्या संख्येने का दिसले, याचा उलगडा या उसनवारीत आहे.

उसनवारीची सुरुवात साधारणपणे 'रामजोशी'पासून धरतात. राजकमल कलामंदिरचा हा चित्रपट १९४७ चा. शाहीर राम जोशी यांच्या चरित्राच्या निमित्ताने लावणी आणि फड पडद्यावर आले आणि पांढरपेशा प्रेक्षकानेही ते पाहिले. त्याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर काही काळ बंदी घातली होती. ती उठली ती अटींसह. वगाची संहिता तपासून घ्यावी लागू लागली. तमाशाचे 'लोकनाट्य' झाले ते या काळात. शाहिरांच्या आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी लावणीचा शृंगार बेताने ठेवला, सोंगाड्याची जीभ मात्र आणखी धारदार केली आणि ती पुढाऱ्यांकडे वळवली. वसंत सबनीस, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर हे लेखक या वाटेने रंगभूमीवर आणि पुढे चित्रपटात आले. पडद्याला नट पुरवणारी शाळाही हीच ठरली.

१९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. गावच्या मातब्बराने केलेल्या अन्यायाचा हिशोब तमाशाच्या बोर्डावर, भर गावासमोर चुकता होतो, अशी त्याची कथा. या यशाने साचा पक्का झाला. गाव, गावचा पाटील, त्याची तमाशातल्या बाईवर पडलेली नजर, पाटलाचा निरोप पोहोचवणारा नाच्या, खुळा पण मनाचा निर्मळ नायक आणि उंबरठ्याआड डोळे पुसणारी घरची लक्ष्मी, एवढ्या माणसांत पुढची वीस वर्षे शेकडो कथा बसवल्या गेल्या. याच चित्रपटाने जयश्री गडकर यांना नायिका केले. समूहनृत्यात नाचणारी मुलगी एकाएकी फडाची मालकीण झाली आणि पुढे कितीतरी चित्रपटांत तिला तेच घुंगरू बांधावे लागले. 'मानिनी' (१९६१) आणि भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (१९६५) यांनी तिला त्या फडातून बाहेर काढले. सगळ्यांच्या वाट्याला असे चित्रपट आले नाहीत.

साचा टिकला त्याला व्यवहाराचीही कारणे होती. मराठी चित्रपटाचे भांडवल तुटपुंजे. कोल्हापुरातल्या जयप्रभा किंवा शालिनी स्टुडिओत मोजक्या दिवसांत चित्रीकरण उरकायचे, आजूबाजूच्या गावांत बाह्यचित्रण करायचे आणि चित्रपट जत्रेच्या हंगामात तंबूच्या टॉकीजला लावायचा, असा हिशोब असे. तंबूत येणारा प्रेक्षक जाहिरात वाचून येत नसे, पोस्टरवरचा चेहरा ओळखून येत असे. चेहरा ओळखीचा असला की अर्धा खर्च वसूल. लेखकालाही पात्राची ओळख करून देण्यात दोन प्रसंग घालवावे लागत नसत; नट चौकटीत आला की प्रेक्षक काय ते समजून घेई. १९७५ च्या सुमारास राज्य सरकारने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली. पहिल्या चित्रपटावर गोळा झालेला कर निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी मिळू लागला. हेतू चांगला होता आणि चित्रपटांची संख्याही वाढली. पण आधीचा चित्रपट जितका चालेल तितके पुढच्याला बळ, असे गणित बसल्यावर चाललेले सोंग सोडून देण्याची छाती कोण करणार?

या व्यवस्थेत तीन नटांनी तीन सोंगे जन्मभर अंगावर वागवली. सोंग तिघांनाही चिकटले. त्या चिकटण्याचे पुढे काय झाले, हे मात्र सोंगाचा मालक कोण यावर ठरले.

पहिले गणपत पाटील. कोल्हापूरच्या गरीब घरात वाढलेला हा नट. 'जाळीमंदी पिकली करवंदं' या नाटकात त्यांनी नाच्याचे काम केले आणि ते इतके वठले की चित्रपटवाल्यांनी तेच मागायला सुरुवात केली. तमाशात बायका नाचायला उभ्या राहण्याआधी पोरेच लुगडे नेसून नाचत. बायका फडात आल्यावर त्या नाचणाऱ्या पोऱ्याचे मूळ काम संपले, पण तो फडातून गेला नाही. बायकी हावभाव करणारा, नाचणारणीला साथ देणारा आणि सोंगाड्याच्या कोट्या झेलणारा नाच्या होऊन राहिला. पडद्यावर त्याला आणखी एक काम मिळाले. पाटलाचा वाडा आणि बाईची कनात यांच्यामध्ये ये-जा करायला कुणीतरी हवे असे. कंबरेवर हात, मुरडत चालणे, ताणून म्हटलेले 'आत्ता गं बया' एवढ्या सामग्रीवर गणपत पाटलांनी दशकानुदशके प्रेक्षक हसवला.

हे काम दिसते तितके सोपे नाही. नाच्या प्रमाणाबाहेर गेला तर किळसवाणा होतो आणि आखडला तर दिसतच नाही. गणपत पाटलांच्या नाच्याला लय होती; तो टाळ्या घेण्यासाठी थांबत नसे आणि दुसऱ्याचे वाक्य खात नसे. कौतुक मात्र कलेचे न होता नक्कल हुबेहूब असल्याचे झाले, आणि 'हुबेहूब' याचा अर्थ प्रेक्षकाने पुढे फारच शब्दशः घेतला. पडद्यावर जे दिसते तेच हा माणूस घरीही असणार, अशी समजूत झाली. बायकामुले असलेल्या, संसार करणाऱ्या या नटाला समाजात टोमणे ऐकावे लागले आणि त्याची झळ घरच्यांनाही बसली. 'रंग नाच्याचा' या आत्मकथनाच्या नावातही त्यांनी सोंग लपवले नाही. खलनायकाला लोक शिव्या देतात, पण त्याला वचकूनही असतात. नाच्याला लोक हसतात आणि हसताना त्याचा पुरुषपणाच काढून घेतात. दुसऱ्या प्रकारची भूमिका देऊन ही चूक दुरुस्त करणारा दिग्दर्शक त्यांना भेटला नाही. नाच्या हवा असला की गणपत पाटील, आणि गणपत पाटील घ्यायचे तर नाच्या, असे दोन्ही बाजूंनी दार बंद झाले. सोंग त्यांचे नव्हते. ते फडाचे होते, मग निर्मात्यांचे झाले. त्यांच्या वाट्याला आला तो फक्त त्याचा शिक्का.

दुसरे निळू फुले. पुण्याच्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलात रमलेला हा तरुण कलापथकात नट झाला. राम नगरकरांसारखे सोबती तिथलेच. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर नेले. त्याचे दोन हजारांवर प्रयोग झाले. अनंत माने यांनी त्यांना 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटात घेतले आणि झेलेअण्णा हे पात्र जन्मले. तिथून पाटील, सरपंच, सावकार, साखर कारखान्याचा अध्यक्ष अशा पदव्या बदलत गेल्या, खुर्चीवर बसणारा माणूस तोच राहिला.

हा माणूस त्या काळात पडद्यावर का आला, याला इतिहास आहे. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याच वर्षी मुलकी पाटीलकीचे वंशपरंपरागत पद कायद्याने रद्द झाले. कागदोपत्री पाटील गेला आणि त्याच सुमारास सरपंच, सभापती, सोसायटीचा चेअरमन, कारखान्याचा संचालक अशा नव्या नावांनी सत्ता गावात परतली. बऱ्याच ठिकाणी ती जुन्याच वाड्यात मुक्कामाला राहिली. तमाशापटातला पाटील म्हणजे एरवी मिशीवर ताव देणारा, आरडाओरडा करणारा जुना जमीनदार. निळू फुलेंनी त्याला नव्या सत्तेचा चेहरा दिला. त्यांचा पाटील ओरडत नाही. त्याचा आवाज खर्जातला, घोगरा. डोळे अर्धे मिटलेले. समोरचा बोलत असताना तो तंबाखू मळतो किंवा पान जुळवतो आणि उत्तर द्यायला मुद्दाम उशीर लावतो. दंडात बळ नसलेला, किरकोळ अंगाचा माणूस गावाला धाकात ठेवतो तो सत्तेची ऊब अंगात मुरल्यामुळे. मारहाण करणारे त्याचे गडी वेगळे असतात, स्वतःचा हात तो मळवत नाही. सहकाराच्या राजकारणात वावरलेल्या कुठल्याही वाचकाला हा गृहस्थ भेटलेला असेल. सेवा दलाच्या शिबिरांत ज्या सत्तेविरुद्ध घोषणा दिल्या, तिला इतक्या जवळून न्याहाळल्याशिवाय हा अभिनय होणारा नव्हता. समाजवादी कार्यकर्त्याने उभा केलेला सरंजामदार खऱ्या सरंजामदारापेक्षा अधिक ओळखीचा वाटावा, ही गंमत इथेच आहे.

'सामना' (१९७५) हा त्या सोंगाचा कळस. विजय तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाणे यांची निर्मिती, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन. साखर कारखाना, दारू, शाळा आणि माणसे अशा सगळ्यांवर हुकमत असलेला हिंदुराव धोंडे पाटील आणि रस्त्यावरून उचलून आणलेला, दारूत बुडालेला एक मास्तर, अशी ही गाठ. मास्तर होते डॉ. श्रीराम लागू. तमाशापटात पाटील आणि मास्तर ही दोन्ही पात्रे आधीपासूनच होती. 'पिंजरा'त (१९७२) तर लागूंचा मास्तर तमाशाच्या नादाने देशोधडीला लागला होता आणि त्या चित्रपटात निळू फुलेही होते. 'सामना'ने ही जुनीच सोंगे घेतली, फक्त त्यांच्या भोवतीचा फड काढून टाकला. नाच्याही उरला नाही. उरला तो एका माणसाच्या गायब होण्याविषयीचा सवाल. साचा मोडण्यासाठी त्याच साच्यातला नट वापरण्याची ही युक्ती मराठीत फार थोड्यांनी केली. चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला.

तरीही धंदेवाईक चित्रपटाला हिंदुरावाचे डोके नको होते, नजर हवी होती. पुढची वीस वर्षे निळू फुलेंच्या वाट्याला बाईवर वाईट नजर ठेवणारे असंख्य पाटील आले. गावोगावच्या बाया त्यांच्या नावाने बोटे मोडत. नकलाकारांनी त्यांच्या नावावर 'बाई, वाड्यावर या' हे बोलणे इतके पक्के केले की ते नेमक्या कोणत्या चित्रपटातले हे विचारण्याची गरज उरली नाही. हिंदीनेही हाच चेहरा मागवला. 'सारांश'मधला (१९८४) गजानन चित्रे हा मुंबईत राहायला आलेला त्याच पाटलाचा भाऊबंद.

गणपत पाटलांना न मिळालेली एक गोष्ट निळू फुलेंकडे होती, ती म्हणजे रंगभूमी. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये (१९७२) कमलाकर सारंग यांनी त्यांना सखारामचे काम दिले. वरकरणी सखारामही बायकांना वापरणाराच, पण स्वतःच्या नियमांवर जगणारा, आतून पोखरलेला. परिनिरीक्षणाच्या लढ्यामुळे ते नाटक गाजले, तरी नटाच्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे आहे: पडद्यावरच्या पाटलाचा आतला भाग तिथे पहिल्यांदा दिसला. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये तर त्यांनी सत्तेच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या वृद्ध गांधीवाद्याचे काम केले. 'सिंहासन'मध्ये (१९७९) अरुण साधूंचा पत्रकार दिगू टिपणीस त्यांच्या वाट्याला आला. मुख्यमंत्री, मंत्री, कामगारपुढारी, तस्कर यांच्या खेळात हा माणूस फक्त पाहतो. त्याच्या हातात काहीच नाही. तेच अर्धे मिटलेले डोळे, पण आता हुकूम सोडणारे नव्हे, थकलेले. पाटलाच्या भूमिका त्यांनी शेवटपर्यंत नाकारल्या नाहीत. पोट त्यावर चालत होते आणि त्याविषयी त्यांना संकोचही नव्हता. पैसा आणि वेळ जात होता तो एक गाव एक पाणवठा, अंधश्रद्धा निर्मूलन, सामाजिक कृतज्ञता निधी यांसारख्या कामांकडे. सोंग भाड्याने घेतलेले आहे याचे भान असलेला हा नट होता.

तिसरे दादा कोंडके. त्यांची गोष्ट या दोघांहून निराळी, कारण सोंगही त्यांचे, दुकानही त्यांचे आणि गल्लाही त्यांचाच.

कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतला. मूळ गाव भोरकडचे. बँड पथकात वाजवणे, अपना बाजारात नोकरी, सेवा दलाचे कलापथक असा प्रवास करत ते लोकनाट्यात आले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'तील हवालदाराने त्यांना नाव दिले. लोकनाट्यात सोंगाड्याला संहितेबाहेर जाण्याची मुभा असते. दादांनी ती पुरेपूर घेतली; सकाळच्या वर्तमानपत्रातला मंत्री रात्रीच्या प्रयोगात टिंगलीला हजर असे. हजारावर प्रयोगांतून त्यांना कोणत्या जागी किती थांबायचे आणि कोणता शब्द तोंडात घोळवून सोडायचा, याचा ठोकताळा मिळाला. आशा भोसले यांच्या शिफारशीवरून भालजी पेंढारकरांनी त्यांना 'तांबडी माती'त (१९६९) घेतले. चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण दादांना त्यातून उमगले ते दुसरेच: आपले सोंग दुसऱ्याच्या चित्रपटात मावत नाही.

म्हणून ते निर्माते झाले. 'सोंगाड्या' (१९७१) वसंत सबनीस यांनी लिहिला आणि गोविंद कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केला. खुळा नाम्या, त्याची खमकी आये आणि तमाशातली कलावती. रत्नमाला आणि उषा चव्हाण यांच्यासह हे त्रिकूट इथेच जुळले. नाच्या म्हणून गणपत पाटील होते, निळू फुलेही होते. म्हणजे या लेखातली तिन्ही सोंगे एका चित्रपटात भेटली. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने ठरलेल्या तारखेला हा चित्रपट न लावता देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' लावायचे ठरवले, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले. शिवसैनिकांच्या आंदोलनाने 'सोंगाड्या' लागला आणि मग उतरायचे नाव घेईना. मराठी चित्रपटाला मुंबईत थिएटर मिळवून देण्याचा प्रश्न राजकीय झाला तो या प्रसंगापासून. दादाही पुढे सेनेच्या सभांमधून बोलू लागले, आणि तिथेही ऐकणारे नाम्यालाच ऐकायला येत.

त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'तुमचं आमचं जमलं' (१९७६), 'राम राम गंगाराम' (१९७७), 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (१९७८), 'ह्योच नवरा पाहिजे' (१९८०) आणि 'आली अंगावर' (१९८२). 'सोंगाड्या' धरून हे नऊ चित्रपट पंचवीस आठवड्यांपलीकडे गेले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. नऊही चित्रपटांत नायक तोच. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, तिची लोंबती नाडी, भोळा चेहरा, कुठल्याही शब्दाला हसून घेणारे तोंड. नाम्या, सदाशिव, पांडू, गंगाराम ही नुसती हजेरीपटावरची नावे.

या नायकाचे यंत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याची सगळी गंमत त्याच्या अजाणतेपणावर उभी आहे. तो बोलतो त्याचा सरळ अर्थ निरुपद्रवी असतो. दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या मनात उमटतो, नायकाच्या नव्हे. बाई लाजते, प्रेक्षक हसतो आणि नायक बावळटासारखा दोघांकडे पाहतो. परिनिरीक्षण मंडळाने एखाद्या शब्दावर बोट ठेवले तर तो शब्द शब्दकोशात शुद्ध असतो, आणि वाईट अर्थ तुमच्याच डोक्यात आला असे म्हणायला दादा मोकळे. हे तंत्र तमाशातल्या सवाल-जवाबाचे आणि कूटाचे. चावटपणाचा दोष श्रोत्याच्या माथी मारण्याची कला शाहिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती. समीक्षकांनी दादांना अश्लील ठरवले, ते पूर्ण चुकीचे नव्हते. पण खुळ्याच्या आडून शहाण्यांची, गरिबाच्या आडून पाटील-सावकाराची जिरवण्याचा भाग त्यांनी दुर्लक्षिला. तंबूतला आणि गिरणगावातला प्रेक्षक त्या भागासाठीही येत होता. 'पांडू हवालदार'मधला शिपाई तर 'विच्छा'तल्या हवालदाराचा सरळ वंशज. तिथून दादा स्वतः दिग्दर्शनही करू लागले. त्या चित्रपटात जोडीला उभ्या राहिलेल्या अशोक सराफ यांना मात्र पुढे एकाच सोंगात कोंडणे कुणाला जमले नाही.

सोंगाइतकेच दादांनी सगळे पथकही ठरवून टाकले. उषा चव्हाण नायिका, गाणी महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजात, साहाय्यक बाळ मोहिते. 'पांडू हवालदार'च्या वेळी सुरेंद्र आणि विजय पाटील या संगीतकारांच्या जोडीला त्यांनी राम-लक्ष्मण हे नाव दिले. सुरेंद्र लवकरच वारले, तरी विजय पाटलांनी दुहेरी नाव सोडले नाही आणि पुढे 'मैंने प्यार किया'पर्यंत (१९८९) ते त्याच नावाने संगीत देत राहिले. दादांनी लावलेला शिक्का असा बाहेरही चालला. त्यांचे चित्रपट गुजरातीत गेले, त्यांनी 'तेरे मेरे बीच में' (१९८४) आणि 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) असे हिंदी चित्रपटही काढले. हिंदीत मात्र ते यंत्र कुरकुरले. श्लेष भाषेच्या मातीत रुजतो. दुसऱ्या भाषेत नेला की त्यातला दुसरा अर्थच उघडा पडतो आणि भोळेपणा गळून जातो. 'एकटा जीव सदाशिव'वरून २००० साली 'जिस देश में गंगा रहता है' निघाला तेव्हा गोविंदाने तो खेड्यातला भोळा रंगवला, पण त्या वेळपर्यंत दादा जाऊन दोन वर्षे झाली होती.

'आली अंगावर' आला त्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांच्या नोकऱ्या पुन्हा परतल्या नाहीत. परळ-लालबागचा तिकीट काढून चित्रपट पाहणारा घाटी आणि कोकणी प्रेक्षक विस्कटला. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले, पाठोपाठ व्हिडिओ आला, तंबूची टॉकीज ओस पडू लागली. दादांनी 'मुका घ्या मुका', 'पळवापळवी', 'येऊ का घरात', 'सासरचं धोतर' असे चित्रपट काढणे चालू ठेवले, पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या अंगावर भोळ्या पोराची चड्डी विजोड दिसू लागली. द्वयर्थातला दुसरा अर्थ वाढत गेला, पहिला झिजत गेला. मालकीचे सोंग असल्याची ही दुसरी बाजू: ते उतरवा असे सांगणारा कुणी वर उरत नाही.

गावातून पडदा शहरात आला. 'धूमधडाका' (१९८५), 'दे दणादण' (१९८७), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांतले नायक तमाशापटातले नव्हते. पाटील आणि नाच्या यांना त्यात जागा नव्हती. नवे साचे ताबडतोब तयार झाले. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा धांदरट, बडबड्या 'लक्ष्या' इतका चालला की हिंदीने त्यांना जवळजवळ एकाच, घरच्या नोकराच्या कामात बांधून टाकले. आणि १९९१ साली दादांचे पुतणे विजय कोंडके यांनी 'माहेरची साडी' काढला. अलका कुबल यांची सोशिक, रडणारी लेक-सून आणि उषा नाडकर्णी यांची खाष्ट सासू पाहायला बायका बैलगाड्या जुंपून आल्या. काकाने बाप्यांना हसवून जे केले ते पुतण्याने बायकांना रडवून केले. अलका कुबल यांना पुढे कितीतरी चित्रपटांत तोच पदर डोळ्यांना लावावा लागला.

त्या पाठोपाठ १९९२ साली जब्बार पटेल यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवर 'एक होता विदूषक' केला. तमाशातला सोंगाड्या चित्रपटाचा तारा होतो, राजकारण्यांच्या सोयीचा होतो आणि स्वतःच्या मुलीला हसवता येत नाही म्हणून हतबल होतो, अशी ती कथा. मुख्य भूमिकेसाठी पटेलांनी निवडले लक्ष्मीकांत बेर्डे यांना. 'सामना'तली युक्ती इथेही होती: साच्यात अडकलेल्या नटाकडूनच साच्याची गोष्ट सांगून घ्यायची. बेर्डे यांचे हे सर्वांत जाणते काम. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, प्रेक्षक मात्र फिरकला नाही. लक्ष्या रडतो हे त्याला पाहायचे नव्हते. बेर्डे पुन्हा विनोदाकडे वळले आणि २००४ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर वारले.

दादा कोंडके १४ मार्च १९९८ ला गेले. गणपत पाटील मार्च २००८ मध्ये कोल्हापुरात गेले आणि निळू फुले १३ जुलै २००९ ला पुण्यात. १ जानेवारी २०१० ला रवी जाधव यांचा 'नटरंग' प्रदर्शित झाला. आनंद यादव यांच्या कादंबरीतला गुणा कागलकर हा अंगापिंडाने भरलेला शेतमजूर. फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो आणि त्याबद्दल घरातून, गावातून उठतो. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी आधी शरीर कमावले आणि मग ते उतरवले. प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. नाच्याला माणूस म्हणून पाहायला मराठी पडद्याला एवढा काळ लागला, आणि ज्यांनी ते सोंग सर्वांत जास्त वेळा वठवले ते दोनच वर्षांपूर्वी गेले होते. २०२१ साली दादांना मानवंदना म्हणून 'पांडू' निघाला; हवालदाराचे काम भाऊ कदम यांनी केले.